दुधाशिवायचं स्वयंपाकघर : ज्यू घरातला शाकाहार आणि आपलं आरोग्य



रायगड जिल्ह्यातल्या जुन्या माणसांना ‘शनवार तेली’ हे नाव ठाऊक आहे. घाण्यावर तेल गाळणारी ही माणसं शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावाने त्यांना हे नाव दिलं. ही माणसं ज्यू होती. ती स्वतःला बेने इस्रायल म्हणवतात. आपल्या पूर्वजांचं जहाज फुटलं आणि ते अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला लागले, अशी त्यांच्यात पिढ्यान् पिढ्या चालत आलेली आठवण आहे. त्यांची बोली मराठी. आडनावं पेणकर, रोहेकर, किहीमकर अशी गावांवरून पडलेली. आज भारतात सगळे ज्यू मिळून पाच हजारांहूनही कमी उरले आहेत. बहुतेक जण इस्रायलला गेले, आणि तिकडेही अनेक घरांत अजून मराठी कानावर पडते.

आरोग्याच्या पानावर ही ओळख कशासाठी, असं कुणी विचारेल. कारण असं की, गावोगावच्या आणि वस्तीतल्या आरोग्य बैठकांत आम्हाला काही प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात. दूध पचत नाही, तर काय खावं? मुलाला दुधाची अ‍ॅलर्जी आहे, बाहेरचं काय चालेल? मुलगी कॉलेजला गेली आणि ‘मी वीगन झाले’ म्हणते, तिला काय करून घालू? दूध बाजूला ठेवून चांगला, पोटभर स्वयंपाक कसा करायचा, याचा फार जुना अनुभव ज्यू घरांकडे आहे. तो समजून घेतला तर आपल्या उपयोगाचं बरंच हाती लागतं. आणि त्यातल्या चुका पाहिल्या तर त्या आपल्याला टाळता येतात.

कोशेर म्हणजे नेमकं काय?

‘कोशेर’ म्हणजे ज्यू धर्मनियमांप्रमाणे खाण्यास योग्य. खूर दुभंगलेलं असेल आणि जो रवंथ करतो, तोच प्राणी चालतो. म्हणून शेळी, मेंढी, गाय चालते. डुक्कर चालत नाही. माशांत पंख आणि खवले दोन्ही असलेलेच चालतात. कोळंबी, खेकडे, शिंपल्या बाद. रक्त खायचं नाही, म्हणून मटण अर्धा तास पाण्यात भिजवून, तासभर मीठ लावून ठेवतात आणि मग ते नीट धुतात.

आपल्या आजच्या विषयाचा नियम मात्र वेगळा आहे. ‘करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नको’ अशी आज्ञा ज्यूंच्या तोराह या धर्मग्रंथात तीनदा आली आहे. पुढे धर्मपंडितांनी तिचा अर्थ वाढवत नेला. मांस आणि दूध एकत्र शिजवायचं नाही, एका जेवणात खायचं नाही, दोन्हींची भांडी, चमचे, घासण्या वेगळ्या. मटण खाल्ल्यावर दुधाचा पदार्थ खायला काही जण एक तास, काही जण तीन तास, तर बरेच जण सहा तास थांबतात. म्हणजे मटणाला दही लावणं नाही, वर लोणी नाही, आणि जेवणानंतर खीर, बासुंदी, दुधाचा चहाही नाही.

आता विचार करा. ज्या घरात मटण शिजलं आहे, त्या घरातल्या बाईने गोड काय करायचं? भाजीला दाटपणा कशाने आणायचा? या रोजच्या अडचणीतूनच दुधाशिवायच्या शाकाहारी स्वयंपाकाची मोठी परंपरा उभी राहिली.

तिसरा कप्पा : पार्वे

कोशेर स्वयंपाकघरात पदार्थांचे तीन कप्पे असतात. मांसाचे, दुधाचे आणि तिसरे ‘पार्वे’. पार्वे म्हणजे दोन्हींत न मोडणारे, म्हणून दोन्हींबरोबर चालणारे पदार्थ. धान्य, डाळी, भाज्या, फळं, तेल, सुकामेवा हे सगळं पार्वे. पण अंडी आणि मासेही पार्वेच. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ज्या ज्यू घरात मांस येतच नाही, तिथला कारभार सोपा होतो. दोन-दोन संच भांडी लागत नाहीत, घड्याळ बघत थांबावं लागत नाही. म्हणूनच काही धार्मिक ज्यू कुटुंबं म्हणतात की, कोशेर पाळण्याचा सगळ्यात सुटसुटीत मार्ग शाकाहार हाच आहे. त्याला त्यांच्या ग्रंथातही आधार सापडतो. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात माणसाला अन्न म्हणून बी देणाऱ्या वनस्पती आणि फळं नेमून दिली आहेत. मांसाची परवानगी पुढे जलप्रलयानंतर येते. ब्रिटिश अमलातल्या पॅलेस्टाईनमधले पहिले अश्केनाझी मुख्य रब्बी अब्राहम आयझॅक कूक यांनी या क्रमावर बरंच लिहिलं आहे. साहित्याचं नोबेल मिळालेले दोन ज्यू लेखक, १९६६ चे श्मुएल योसेफ अ‍ॅग्नॉन आणि १९७८ चे आयझॅक बाशेविस सिंगर, हे दोघेही शाकाहारी होते. तरी बहुसंख्य ज्यू मांसाहारी आहेत, हेही खरं.

भांडी वेगळी, आणि माणसं?

‘वेगळी भांडी’ हे शब्द वाचल्यावर आपल्या वाचकांच्या मनात काय येतं, हे आम्हाला सांगायला नको. वेगळा कप, वेगळा तांब्या, वरून ओतलेलं पाणी. म्हणून इथे जरा थांबून नीट पाहिलं पाहिजे.

कोशेरमधलं मांस आणि दूध हे वेगळेपण पदार्थांचं आहे. शाकाहारी ज्यू हा मांसाहारी ज्यूपेक्षा जन्माने वरचा ठरत नाही. आपल्याकडे शाकाहाराला जी उच्च-नीचतेची पायरी जोडली गेली, तशी पायरी तिथे नाही. पण एवढ्यावर थांबलो तर अर्धंच सांगितल्यासारखं होईल. अन्न कुणी शिजवलं, द्राक्षारस कुणी हाताळला, यावरही कोशेरचे काही नियम आहेत, आणि ते माणसांबद्दलचेच आहेत.

शिवाय बेने इस्रायल कोकणात राहिले आणि जातीची हवा त्यांनाही लागली. त्यांच्यात ‘गोरा’ आणि ‘काळा’ असे दोन गट पडले. जुन्या काळी दोन्ही गटांत बेटीव्यवहार होत नसे, रोटीव्यवहारही होत नसे. पुढे इस्रायलमध्ये गेल्यावर तीच वेळ या साऱ्या समाजावर आली. तिथल्या धर्मपीठाने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्या विवाहांच्या वेळी वंशाची चौकशी करण्याचे आदेश काढले. बेने इस्रायल रस्त्यावर उतरले, आंदोलन केलं, आणि १९६४ मध्ये त्यांना बरोबरीचे ज्यू म्हणून मान्यता पदरात पाडून घेता आली. स्वयंपाकाच्या नियमांतून घ्यायचं ते घेऊ, पण नियम पदार्थाकडून माणसाकडे कधी सरकतो, यावर डोळा ठेवूनच घेऊ.

कोकणाने दिलेलं उत्तर : नारळ

दुधाला पर्याय म्हणून बेने इस्रायल घरांनी जवळ होतं ते घेतलं. नारळाचं दूध. कालवणाला दाटपणा त्यानेच, गोडालाही तेच. रोश हशाना या ज्यू नववर्षाला त्यांच्या घरी ‘चिकाचा हलवा’ होतो. गहू भिजवून, वाटून, त्याचा चीक काढायचा, अगदी आपण कुरडयांना काढतो तसा. मग नारळाचं दूध आणि साखर घालून तो आटवायचा, थापून वड्या पाडायच्या. आता बऱ्याच घरी चिकाऐवजी कॉर्नफ्लोअर किंवा चायना ग्रास वापरतात. दुधाचा थेंब नसल्यामुळे हा हलवा मटणाच्या जेवणानंतरही चालतो.

दुसरा पदार्थ मलिदा. एलियाहू हनाबी या प्रेषिताचे आभार मानताना, नवस फेडताना, लग्नाच्या आधी मलिद्याचं ताट मांडतात. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, गूळ किंवा साखर, सुकामेवा आणि सोबत फळं. शिजवणं नाही, तूप नाही. आजच्या भाषेत हा पूर्ण वीगन पदार्थ.

तिसरं, वालाचं बिरडं. जेरुसलेमचं मंदिर उद्ध्वस्त झालं त्याच्या स्मरणार्थ ज्यू लोक आव महिन्याच्या नवमीला कडक उपास करतात. बेने इस्रायलांमध्ये या उपासाचं जुनं नाव ‘बिरड्याचा रोजा’ असं आहे. त्या निमित्ताने बिरडं खातात, म्हणून हे नाव. त्याआधीचे काही दिवस मांस वर्ज्य करण्याची चाल ज्यूंमध्ये सर्वत्र आहे, त्यामुळे कडधान्यांना त्या काळात महत्त्व येतं.

*बिरडं (४ माणसांसाठी) :* दीड वाटी वाल रात्री भिजत घाला. सकाळी उपसून फडक्यात बांधून मोड आणा. कोमट पाण्यात टाकून सोला. दोन चमचे तेलात हिंग, जिरे, कढीलिंब, लसूण आणि एक चिरलेला कांदा परता. हळद, तिखट, वाल घाला. वाल बुडतील इतकं गरम पाणी घालून, झाकणावर पाणी ठेवून मंद आचेवर शिजवा. वाल मऊ झाले की तीन-चार आमसुलं, थोडा गूळ, मीठ आणि अर्धी वाटी नारळाचं दूध घाला. नारळाचं दूध घातल्यावर जास्त उकळू नका, फुटतं.

मोड आणल्याने कडधान्यातला फायटेट कमी होतो, लोह अंगी लागायला मदत होते. म्हणजे आजीने सांगितलेलं मोड आणणं विज्ञानालाही पटतं. मात्र नारळाच्या दुधात संपृक्त चरबी बरीच असते. हृदयविकार किंवा कोलेस्टेरॉल असलेल्यांनी ते रोज वाटीभर घेऊ नये. पातळ केलेलं, थोडं, कधीमधी ठीक.

विल्ना शहरातली शाकाहारी खानावळ

आता कोकणातून थेट पूर्व युरोपात जाऊ. विल्ना हे शहर आज लिथुआनियाची राजधानी आहे. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात ते पोलंडमध्ये होतं. तिथे फान्या लेवांडो नावाची ज्यू बाई शाकाहारी खानावळ चालवत असे. प्रसिद्ध चित्रकार मार्क शागाल तिच्याकडे जेवून गेले होते. १९३८ मध्ये तिने यिडिश भाषेत शाकाहारी पाककृतींचं पुस्तक काढलं. त्यात चारशे कृती आहेत. भाज्यांचं महत्त्व सांगणारा डॉक्टरांचा लेखही तिने त्यात घातला. साध्या गृहिणीला आरोग्यासाठी भाजी खायला शिकवायचं, हा तिचा हेतू होता. अन्न वाया घालवू नका, भाजी उकडलेलं पाणी सूपला वापरा, अशा धर्तीचं ते घरगुती शहाणपण आहे.

त्यानंतर महायुद्ध आलं. नाझी राजवटीने विल्नाचा ज्यू समाज जवळजवळ संपवला. फान्या लेवांडोही त्या युद्धातून वाचली नाही. पुस्तकाच्या मोजक्या प्रती मात्र राहिल्या, आणि २०१५ मध्ये ते इंग्रजीत आलं. ज्या समाजाचा आवाज पुसायचा प्रयत्न झाला, त्याच्या बायकांची चव कागदावर टिकली.

आरोग्याच्या नजरेने पाहिलं तर या पुस्तकात लोणी, आंबट साय आणि अंडी सढळ आहेत. ते शाकाहारी आहे, वीगन नाही. थंड प्रदेशात अंगमेहनत करणाऱ्यांसाठी ते ठीक; दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याने सायीचा हात आखडता घ्यावा.

पूर्व युरोपातल्या ज्यू घरांत कोंबडीची कलेजी बारीक करून कांद्याबरोबर खातात. तिची शाकाहारी नक्कल कोशेर घरांत फार प्रिय आहे, कारण ती दुधाच्या जेवणातही चालते. आम्हाला ती रक्तक्षय असलेल्या मुलींसाठी उपयोगी वाटते.

*मसुराची ‘कलेजी’ :* एक वाटी अख्खे मसूर मऊ शिजवून पाणी निथळून घ्या. तीन मोठे कांदे पातळ चिरून तीन चमचे तेलात मंद आचेवर चांगले तपकिरी होईपर्यंत परता. सगळी चव यातच आहे, घाई करू नका. अर्धी वाटी अक्रोड भाजून घ्या. अक्रोड महाग वाटले तर शेंगदाणे चालतात. सगळं मीठ, मिरपूड घालून जाडसर वाटा. अंडी खाणाऱ्यांनी दोन उकडलेली अंडी कुस्करून घालावीत. वर लिंबू पिळून भाकरीबरोबर द्या. कच्च्या १०० ग्रॅम मसुरात साधारण ७ मिलिग्रॅम लोह असतं, आणि लिंबाने ते शोषलं जातं.

शनिवारचं पातेलं आणि राजम्याचं विष

ज्यूंचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, शब्बाथ, शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होतो आणि शनिवारी रात्री संपतो. त्या काळात विस्तव पेटवायचा नाही, स्वयंपाक करायचा नाही. तरी शनिवारी दुपारी गरम जेवण हवं. म्हणून शुक्रवारी दिवस मावळण्याआधीच पातेलं मंद आचेवर चढवतात आणि ते रात्रभर शिजत राहतं. कुणी त्याला ‘हमीन’ म्हणतं, कुणी ‘चोलंट’. त्यात बहुतेक मांस असतं. पण शाकाहारी घरांत राजमा, जव, बटाटे, कांदे एवढ्यावरच ते छान होतं.

इथे एक धोका आहे आणि तो प्रत्येक घराने लक्षात ठेवावा. राजम्यात, विशेषतः लाल राजम्यात, एक नैसर्गिक विषारी प्रथिन असतं. नीट उकळलं तर ते नष्ट होतं. पण न उकळलेला राजमा नुसता मंद आचेवर किंवा विजेच्या स्लो कुकरमध्ये तासन् तास ठेवला, तर उष्णता पुरेशी वाढत नाही आणि विष तसंच राहतं. मूठभर दाण्यांनीही दोन-तीन तासांत जोराच्या उलट्या आणि जुलाब होतात. म्हणून राजमा रात्रभर भिजवा, भिजवलेलं पाणी फेका, नव्या पाण्यात किमान दहा मिनिटं, शक्य तर अर्धा तास खळखळून उकळा आणि मगच मंद आचेवर टाका. आपला प्रेशर कुकर हे काम चोख करतो.

दुसरी गोष्ट, रात्रभर ठेवायचं अन्न खरोखर गरम राहिलं पाहिजे. ६० अंश सेल्सियसच्या खाली कोमट राहिलेल्या अन्नात जंतू वाढतात. ‘सकाळचं आहे, झाकून ठेवलंय’ म्हणून उन्हाळ्यात संध्याकाळी वाढलेला भात किती घरांत पोट बिघडवतो, हे आम्ही दवाखान्यात पाहिलं आहे.

*साधं हमीन :* एक वाटी राजमा आणि अर्धी वाटी जव रात्री वेगवेगळे भिजवा. राजमा वर सांगितल्याप्रमाणे उकळून घ्या. कुकरमध्ये तीन चमचे तेलात दोन कांदे लाल करा, लसूण, हळद, जिरेपूड, मिरपूड घाला. राजमा, जव, चार तुकडे केलेले तीन बटाटे, मीठ आणि पाच वाट्या पाणी घालून पाच-सहा शिट्ट्या करा, मग पंधरा मिनिटं मंद आचेवर ठेवा. मधुमेह असलेल्यांनी बटाटा एकच घालावा आणि त्याऐवजी गाजर, फरसबी वाढवावी.

पालेभाजी निवडण्याची शिस्त

शाकाहारी जेवण आपोआप कोशेर होतं असं नाही. किडे खाणं निषिद्ध आहे, म्हणून धार्मिक ज्यू घरात पालेभाजी निवडणं हे गंभीर काम असतं. एकेक पान मीठ किंवा साबण घातलेल्या पाण्यात भिजवतात, भरपूर पाण्याने धुतात, उजेडात धरून दोन्ही बाजू पाहतात. फ्लॉवरचे तुरे सोडवून पाहतात. तांदूळ, डाळ ताटात पसरून निवडतात. अंडं थेट पातेल्यात फोडत नाहीत. आधी वाटीत फोडून रक्ताचा ठिपका नाही ना, ते बघतात.

कारण धर्माचं असेल, पण सवय आरोग्याची आहे. पावसाळ्यात आपल्याकडे पालेभाजीतून जंत आणि जुलाब घरात येतात. साबण आम्ही सुचवणार नाही; मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं आणि नंतर वाहत्या किंवा तीन वेळा बदललेल्या स्वच्छ पाण्यात धुणं पुरे.

पार्वे म्हणजे आरोग्यदायी नव्हे

आता या परंपरेतली चूक. मटणाच्या जेवणानंतर केक, बिस्किटं हवीत, पण लोणी चालत नाही. अमेरिकेत १९११ मध्ये क्रिस्को नावाचं घट्ट केलेलं वनस्पती तेल बाजारात आलं. ते पार्वे होतं. कंपनीने ज्यू गृहिणींना नेमकं हेच सांगून ते विकलं. १९३३ मध्ये यिडिश आणि इंग्रजी अशा दोन भाषांत पाककृतींची पुस्तिकाही काढली. मार्गारिनचंही तेच झालं. आपल्याकडे १९३७ मध्ये डालडा आला आणि ‘साजूक तुपाच्या ऐवजी’ म्हणून गरिबाच्या घरात शिरला.

तेल असं घट्ट करताना ट्रान्स फॅट तयार होतं. ते वाईट कोलेस्टेरॉल वाढवतं, चांगलं कमी करतं आणि हृदयविकार ओढवून आणतं. हे कळायला अनेक दशकं गेली. अमेरिकेत २०१८ पासून अशा अंशतः हायड्रोजनेटेड तेलांवर बंदी अमलात आली. भारतात जानेवारी २०२२ पासून तेल-तुपात ट्रान्स फॅट २ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. तरीही ‘दूध नाही, प्राणिज काही नाही’ असं लिहिलेला प्रत्येक पदार्थ हिताचा असतो असं समजू नका. मैदा, साखर आणि वनस्पती तूप यांची खारी पूर्ण शाकाहारी असते आणि पूर्ण अपायकारकही.

पार्वे म्हणजे वीगन नव्हे

परदेशात राहणाऱ्या किंवा आयात पाकिटं घेणाऱ्या वाचकांसाठी हे लिहितो. वर्तुळात इंग्रजी ‘यू’ अक्षर हे कोशेर तपासणीचं एक प्रसिद्ध चिन्ह आहे. शेजारी ‘डी’ असेल तर दुधाचा संबंध आहे. नुसतं पार्वे लिहिलं असेल तर दूध आणि मांस नाही. पण आधी सांगितल्याप्रमाणे अंडं, मासा, मध असू शकतो. म्हणजे वीगन माणसाने घटकांची यादी वाचलीच पाहिजे.

अ‍ॅलर्जी असलेल्यांनी तर नक्कीच. कोशेरच्या नियमांत चुकून पडलेला अंश साठपटीने कमी असेल तर बहुधा तो नगण्य धरतात. धर्माच्या हिशेबात हे चालतं. पण दुधाची तीव्र अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाला त्याहून कितीतरी कमी अंशही पुरतो. धर्मचिन्ह हे वैद्यकीय प्रमाणपत्र नाही. आपल्याकडच्या हिरव्या ठिपक्यालाही हेच लागू आहे. हिरव्या ठिपक्याच्या पदार्थात दूध असू शकतं.

या बाबतीत एक जुनी गोष्ट सांगण्यासारखी आहे. सोळाव्या शतकात पोलंडमधले धर्मपंडित मोशे इसर्लिस यांनी लिहून ठेवलं की, मांसाबरोबर बदामाचं दूध वाढलं तर शेजारी अख्खे बदाम ठेवावेत, म्हणजे पाहणाऱ्याला हे खरं दूध वाटणार नाही. ताटात काय आहे ते खाणाऱ्याला आणि पाहणाऱ्याला कळलं पाहिजे. पाकिटावरच्या घटकांच्या यादीमागे हीच भूमिका आहे, आणि ती मागणं आपला ग्राहक म्हणून हक्क आहे.

वीगन ताटात काय कमी पडतं?

*बी १२ :* हे जीवनसत्त्व वनस्पतीजन्य अन्नात भरवशाचं मिळत नाही. प्रौढ माणसाला दिवसाला साधारण अडीच मायक्रोग्रॅम लागतं. मात्रा छोटी आहे, पण कमतरता मोठी इजा करते. हातापायाला मुंग्या, जीभ लाल होऊन दुखणं, थकवा, विसरभोळेपणा, तोल जाणं. दूध, दही, अंडी, मासे यांतून ते मिळतं. पूर्ण वीगन माणसाने गोळी किंवा बी १२ घातलेले पदार्थ घ्यावेतच. स्पिरुलिनावर विसंबू नये. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या वीगन आईने तर डॉक्टरांना आधी सांगावं. बाळाच्या मेंदूच्या वाढीचा प्रश्न असतो. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचंही बी १२ कमी होऊ शकतं. नुसत्या फॉलिक अ‍ॅसिडने रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि नसांची हानी आत चालू राहते, म्हणून तपासणी करून घ्या.

*लोह :* २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. मोड आलेली कडधान्यं, मसूर, हिरव्या भाज्या आणि सोबत लिंबू, आवळा किंवा पेरू. जेवणाला चहा जोडू नका. तास-दीड तासाचं अंतर ठेवा. रक्त कमीच असेल तर अन्नाने भागत नाही, गोळ्या पूर्ण घ्याव्या लागतात.

*कॅल्शियम :* इस्रायल-पॅलेस्टाईनच्या भागात तिळाची पेस्ट, ताहिनी, सगळ्यात मिसळते. हुमुस, फलाफल हे तिथल्या अरब घरांचे पदार्थ ज्यू घरांतही रुळले, कारण ते पार्वे. न सोललेल्या तिळात कॅल्शियम भरपूर, सोललेल्यात बरंच कमी. आपल्याकडे तिळाची चटणी आणि नाचणीची भाकरी हे काम स्वस्तात करतात.

*प्रथिनं :* डाळ-भात, भाकरी-उसळ ही जोडी दिवसातून दोनदा, आणि डाळ पातळ नको. सोयाबीन परवडतं.

जीव आधी

ज्यू धर्मशास्त्रात एक मोठं तत्त्व आहे, ‘पिकुआख नेफेश’. जीव वाचवण्यासाठी जवळजवळ सगळे धर्मनियम मोडता येतात. नुसते मोडता येतात असं नाही, मोडावे लागतात. वर्षातला सर्वांत पवित्र उपास योम किप्पूर. पण ज्याच्या जिवाला धोका आहे, त्या आजाऱ्याने त्या दिवशीही खाल्लं पाहिजे, असं शास्त्रच सांगतं. शब्बाथच्या दिवशी रुग्णाला इस्पितळात न्यायला गाडी चालवता येते.

परिचारिकेचं काम केलेल्या आम्हाला या साऱ्या अभ्यासात हे तत्त्व सगळ्यात मोलाचं वाटलं. कारण उपासापायी औषध चुकवणाऱ्या बाया, रक्त सहावर आलेलं असताना अंड्याला हात न लावू देणारी सासू, गोळीचं वेष्टण जिलेटिनचं म्हणून उपचार सोडणारे रुग्ण आम्ही पाहिले आहेत. शाकाहार करा, मांसाहार करा, वीगन व्हा. तो प्रत्येकाच्या विचाराचा आणि खिशाचा प्रश्न आहे. कुणाच्या ताटावरून त्याची पायरी ठरवू नका आणि ठरवू देऊ नका. पण घरातली गरोदर बाई, अंगावर पिणारं बाळ, आजारी म्हातारं माणूस यांचं शरीर काय मागतंय ते आधी विचारा.

या महिन्यात एवढं करा. घरातल्या प्रत्येक स्त्रीचं हिमोग्लोबिन तपासून घ्या. प्राथमिक आरोग्य केंद्रात ते मोफत होतं. दूध-अंडी काहीच न खाणाऱ्यांचं बी १२ तपासा. विकत आणलेल्या प्रत्येक पाकिटाची मागची बाजू वाचा, मुलांकडून वाचून घ्या. आणि एका शनिवारी राजमा नीट उकळून हमीन करून पाहा. शेजारच्यांनाही बोलवा, एकाच पातेल्यातून वाढा.